बाँडचा व्रण बाँडला परत द्या : नव्या निर्मात्यांना सोलापूरहून खुलं पत्र

माननीय एमी पास्कल मॅडम, डेव्हिड हेमन साहेब, दिग्दर्शक देनी विलनव साहेब, लेखक स्टीव्हन नाइट साहेब, आणि अ‍ॅमेझॉन एमजीएममधली जी मंडळी पुढचा जेम्स बाँड कसा असेल ते ठरवणार आहेत ती सगळी,

सोलापूरहून नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण मग ते माझ्या गल्लीतल्या लोकांना वाचता आलं नसतं, आणि त्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे कारण यातल्या एका गोष्टीत ते पण आहेत आणि मी पण आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बातमी आली की ब्रोकोली आणि विल्सन या घरच्या माणसांनी इतकी वर्षं सांभाळलेली बाँडची सूत्रं आता अ‍ॅमेझॉनकडं गेली. मार्चमध्ये निर्माते ठरले, जूनमध्ये दिग्दर्शक, जुलैच्या शेवटी लेखक. तेव्हापासून जिकडं तिकडं एकच चर्चा, नवा बाँड कोण होणार, गोरा की काळा, तिशीतला की चाळिशीतला. व्हिलन कोण होणार, त्याला नक्की काय पाहिजे असणार, तो दिसणार कसा, याच्यावर कोणी बोलायला तयार नाही. मला तेवढंच बोलायचंय.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डचे पत्ते, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे, पंच करायचे. १९९६ साली ते मला गोल्डनआय बघायला घेऊन गेले, मी तेरा वर्षांचा होतो आणि थेटरातला मोठा पडदा मी तोवर दोन-तीनदाच बघितला होता. त्यातला व्हिलन बाँडचाच जुना दोस्त, ००६, अर्धा चेहरा भाजलेला, आणि टोळीत त्याचं नाव जानुस. मी येडा झालो. पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना कट्ट्यावर बसवून मी तो पिक्चर सांगायचो, गालावर काळा रंग लावून जानुसची अ‍ॅक्टिंग करायचो, पोरं टाळ्या वाजवायची.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी घरात चकल्या चालल्या होत्या आणि रॉकेलचा स्टोव्ह भडकला. माझी बहीण आठ वर्षांची होती, आईच्या शेजारी बसली होती. उजवा गाल, कानाखालून मानेपर्यंत. तीन महिने दवाखाना झाला. त्यानंतर ती पहिल्यांदा घराबाहेर आली तेव्हा मी तिचा हात धरला होता, आणि कट्ट्यावरनं एक पोरगं ओरडलं, "जानुस आली रे!"

ते नाव त्याला मी शिकवलं होतं.

ती दहावी होईपर्यंत ते नाव तिला चिकटलं. आज ती एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते, हात इतका हलका आहे की लहान पोरं रडत नाहीत, तरी नवीन पेशंट आधी तिच्या गालाकडं बघतो आणि मग सुईकडं, हे तिनंच मला सांगितलंय. गल्लीतली पोरं वाईट नव्हती. त्यातला एक आज तिच्या मुलीचा मानलेला मामा आहे. पण पोरांना जे पडद्यावर दिसलं तेच त्यांनी वापरलं, की चेहरा असा असेल तर माणूस तसा.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडची थेटरं कोरोनानंतर उघडली तेव्हा मी तिला हट्टानं बाँड बघायला नेलं, पंचविसावा होता, म्हटलं आता जग बदललंय. सुरुवातीलाच बर्फातनं एक माणूस चालत येतो, तोंडावर पांढरा मुखवटा. नंतर मुखवटा नसतो तेव्हा दिसतं की त्याची कातडी विषानं जळालेली आहे. त्याच पिक्चरमध्ये बाँडचा जुना वैरी ब्लोफेल्ड, त्याचा डोळा खराब, अजून एका गुंडाचा डोळा नकली. इंटरव्हलला ती पॉपकॉर्न हातात तसंच धरून बसली होती, म्हणाली, "दादा, परत तसलाच का रे?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र.

तर पहिली तक्रार हीच आणि सगळ्यात मोठी हीच. मी बसून मोजलंय. १९६२ च्या पहिल्याच पिक्चरमध्ये डॉक्टर नोचे हात धातूचे, १९६५ ला लार्गोच्या डोळ्यावर पट्टी, १९६७ ला ब्लोफेल्डच्या तोंडावर उभा व्रण, १९९५ ला भाजलेला ००६, १९९९ ला डोक्यात गोळी अडकलेला रेनार्ड, २००२ ला गालात हिरे घुसलेला झाओ, २००६ ला डोळ्यातनं रक्त येणारा ल शिफ्र, २०१२ ला सायनाइडनं जबडा जळालेला सिल्व्हा, २०१५ ला पिक्चर संपेपर्यंत ब्लोफेल्डचा डोळा जातो, आणि २०२१ चं वर सांगितलंच. यातले कितीतरी नट मोठे आहेत, कामं पण जबरदस्त केलीत, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार अशी की साठ वर्षांत लिहिणाऱ्यांना वाईटपणा दाखवायला मेकअपमनकडं जावं लागलं.

आणि हे सगळं माहीत असून झालं. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्याच चेंजिंग फेसेस या संस्थेनं मोहीम काढली होती की आमच्या चेहऱ्याच्या माणसांना व्हिलन करू नका, आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं जाहीर केलं होतं की ज्या पिक्चरमध्ये व्रण हा फक्त दुष्टपणाची खूण म्हणून वापरलाय त्याला आम्ही पैसे देणार नाही. त्याला तीन वर्षं झाल्यावर पंचविसावा बाँड आला. ते तुम्ही केलं नाही, तुमच्या आधीच्यांनी केलं, मान्य. पण मालिका तुमच्याकडं आली म्हणजे तिचा हिशोब पण तुमच्याकडंच आला.

आता एक गोष्ट अशी आहे की जी मला कळली तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही. बाँडचा मूळ लेखक इयान फ्लेमिंग, त्याची पहिली कादंबरी १९५३ साली आली, त्यात बाँडच्याच उजव्या गालावर एक उभा बारीक व्रण आहे. उजव्या गालावर! हिरोच्या! पुस्तकात तो व्रण म्हणजे हा माणूस काहीतरी सोसून आलाय अशी खूण आहे. पडद्यावर आल्यावर सहा नट झाले, पंचवीस पिक्चर झाले, आणि तो व्रण हिरोच्या गालावरनं पुसला गेला आणि ज्याला मारायचं त्याच्या गालावर जाऊन बसला. माझ्या बहिणीला आठव्या वर्षी कोणी सांगितलं असतं की बाँडचा गाल पण तुझ्यासारखाच आहे, तर कट्ट्यावरनं कदाचित दुसरं नाव आलं असतं.

दुसरी तक्रार थोडक्यात. २०१५ मध्ये तुमच्या लोकांनी ब्लोफेल्डला बाँडच्या लहानपणीच्या घरातला मुलगा करून टाकलं, म्हणजे बाँडला ज्यांनी वाढवलं त्यांचा सख्खा पोरगा, आणि आधीच्या तीन पिक्चरमधलं सगळं दुःख म्हणे त्यानंच घडवून आणलं. ब्लोफेल्डच्या संघटनेचे हक्क कोर्टकज्ज्यात अडकले होते ते २०१३ ला सुटले, एवढी वाट बघून मिळालेली गोष्ट, आणि तिचं केलं काय तर भाऊबंदकी. भाऊबंदकी आमच्याकडं बांधाबांधावर आहे हो, त्याला बाँड कशाला पाहिजे. व्हिलनचं भांडण जगाशी असू द्या, हिरोच्या बालपणाशी नको.

तिसरी, आमच्या देशाची. १९८३ च्या ऑक्टोपसीचं शूटिंग उदयपूरमध्ये झालं, त्यात गारुडी, जादूची दोरी, रिक्षांचा पाठलाग. विजय अमृतराज होते, त्यांचं पात्र मध्येच मारलं. कबीर बेदी होते, एवढा धिप्पाड देखणा नट आणि त्याला काम काय तर मालकाच्या मागं उभं राहायचं आणि फासे हातात चुरगळायचे. मालक अफगाण राजपुत्र, आणि ते काम फ्रेंच नटानं केलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली, विषय वाढवत नाही.

तुम्ही म्हणाल व्रण नको, नातं नको, मग व्हिलनची भीती वाटणार कशी. मी सांगतो कशी वाटते. आमच्या मराठीत निळू फुले नावाचे नट होऊन गेले, २००९ ला गेले. त्यांचा चेहरा साधा, गावच्या माणसाचा. सामना नावाच्या पिक्चरमध्ये ते साखर कारखानदार हिंदुराव झालेत, त्यात ते ओरडत नाहीत, पिस्तूल रोखत नाहीत, जेवायला वाढतात, गप्पा मारतात, आणि तरी अंगावर काटा येतो. कारण बघणाऱ्या प्रत्येकाच्या तालुक्यात तसा एक माणूस होता. सोलापूर जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, आमच्याकडच्या पब्लिकला हे समजावून सांगायला लागलं नाही. निळूभाऊंचा धाक एवढा होता की बायाबापड्या ते खऱ्या आयुष्यात समोर आले तरी बिचकायच्या असं जुनी माणसं सांगतात. मेकअप शून्य.

तुमच्याकडं पण हे होतं की. १९६४ चा गोल्डफिंगर घ्या. त्याला अमेरिकेचं सोनं चोरायचं नव्हतं, त्याला ते किरणोत्सर्गानं खराब करायचं होतं म्हणजे त्याच्या स्वतःच्या सोन्याचा भाव वाढेल. किती साधं गणित, सराफ कट्ट्यावरच्या कोणालाही एका मिनिटात कळेल. आणि २००८ ला तुम्ही पाण्याचा व्हिलन आणला होता, बोलिव्हियाचं पाणी जमिनीखाली अडवून ठेवणारा, अगदी साधा दिसणारा माणूस. त्या देशात कोचाबांबा शहरात २००० साली पाण्याच्या खाजगीकरणावरनं खरंच लोक रस्त्यावर उतरले होते, म्हणजे गोष्ट खरी होती. पण हॉलिवूडच्या लेखकांचा संप लागला, कथा अर्धी राहिली, आणि तो व्हिलन लोक विसरूनही गेले. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून मी वीस वर्षं वहीत लिहून ठेवलेल्या कथांमधल्या तीन तुम्हाला देतोय. पैसे नकोत, नाव नको.

पहिली पाण्याचीच. माझ्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेही रात्री दोनला आलं तर उठून भरायचं, त्यामुळं यातलं मला कळतं. आमचं उजनी धरण ११७ टीएमसीचं, भीमा नदीवर. पावसाळ्यात आमच्याकडं लोक स्कोअर विचारावा तसं विचारतात, दौंडचा विसर्ग किती. कारण वरनं किती पाणी येतंय त्या आकड्यावर ठरतं की दरवाजे कधी आणि किती उघडायचे. आता व्हिलन असा धरा की तो धरण फोडत नाही, त्याच्याकडं बॉम्बच नाही. त्याची कंपनी जगातल्या शेकडो धरणांवर पाणी मोजायची मशीन आणि त्याचं सॉफ्टवेअर पुरवते, चांगलं काम, सगळे देश त्याचा सत्कार करतात. आणि तो आकडे थोडे, अगदी थोडे, इकडचे तिकडं करतो. कुठं दुष्काळ पडणार, कुठलं पीक जाणार, कुठला विमा फुटणार हे त्याला सगळ्यांच्या आधी माहीत, कारण ते तोच ठरवतो. बाँडला हे पटवायचं कसं? स्क्रीनवर तर सगळं हिरवं दिसतंय. शेवट माझ्या डोक्यात पंढरपूरचा आहे, आषाढी नाही, कार्तिकी. आषाढीला बऱ्याच वर्षी धरण भरलेलं नसतं आणि सगळी यंत्रणा जागी असते. कार्तिकीला धरण तुडुंब, पावसाळा संपला म्हणून सगळे निर्धास्त, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसं. त्या रात्री स्क्रीनच्या विरोधात एकच माणूस बोलत असतो, नदीकाठच्या दगडी खांबावर रंगवलेली पाण्याची पट्टी रोज डोळ्यांनी वाचणारा एक म्हातारा कर्मचारी. बाँडनं विश्वास त्याच्यावर ठेवायचा. पंढरपूर नको असेल तर तुमच्याकडची नदी घ्या, पण तो म्हातारा काढू नका.

दुसरी कथा गुंडांची. बाँड प्रत्येक पिक्चरमध्ये व्हिलनच्या अड्ड्यात शिरतो आणि एका रंगाचे कपडे घातलेली पन्नास माणसं गोळ्या घालून मारतो, ती माणसं कोण, त्यांना कामाला कोणी लावलं, कोणी विचारत नाही. आता खरं बघा. म्यानमारच्या सीमेवर मोठमोठे कंपाउंड आहेत, तिथं नोकरीच्या आमिषानं पोरं नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि फोनवरनं जगभरच्या लोकांना फसवायला बसवतात, टार्गेट झालं नाही की मार. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी तिथनं सुटलेल्या पाचशेच्या वर भारतीयांना परत आणलं. आमच्या ओळखीतला एक पोरगा पण थायलंडला डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून निघाला होता, आईनं सोन्याच्या पाटल्या मोडायला नकार दिला म्हणून राहिला. तर व्हिलनचा अड्डा हा असू द्या. समोर बंदुका घेतलेले दहा असतील, पण आत हेडफोन लावून बसलेले हजार, आणि त्यातला प्रत्येक जण कोणाचं तरी पोरगं. आता मार गोळ्या. ज्याच्या हातात मारण्याचं लायसन्स आहे त्याला पहिल्यांदाच ते वापरता येत नाही, यापेक्षा मोठं संकट मला सुचलेलं नाही. व्हिलन कोण, तर त्या कंपाउंडची जागा भाड्यानं देणारी बाई, जी दर महिन्याला फक्त भाडं घेते आणि म्हणते मला आतलं काय माहीत.

तिसरी कथा लिहायला मला सगळ्यात जड गेलं. माझं गाव १९३० च्या मे महिन्यात तीन दिवस इंग्रजांच्या हातात नव्हतं, ९ ते ११ मे. नंतर त्यांनी मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. त्यांच्या पुतळ्यांवरनं मी रोज कामाला जातो. बाँड त्याच सरकारचा नोकर. मला तो आवडतो आणि त्याची मला लाज वाटत नाही, पण तुमच्या पिक्चरला कधीतरी हे टोचलं पाहिजे. केनियातल्या म्हाताऱ्या लोकांनी छळछावण्यांबद्दल ब्रिटनवर खटला भरला तेव्हा २०११ मध्ये परराष्ट्र खात्याला कबूल करावं लागलं की ३७ जुन्या वसाहतींमधल्या सुमारे ८,८०० फायली हॅन्सलोप पार्क नावाच्या जागी इतकी वर्षं दडवून ठेवल्या होत्या. निघताना जाळल्या त्या वेगळ्याच. मग कथा अशी : एक बाई असल्या उरलेल्या फायली चोरत सुटलीय, बाँडला हुकूम की तिला थांबव. तो तिला गाठतो, फाइल उघडतो, आणि वाचतो. व्हिलन लंडनमध्येच बसलेला निघतो, ज्याला त्या फायली जाळायच्यात. बाई शेवटी जिवंत राहिली पाहिजे.

आणि यात क्यू शाखेसाठी, म्हणजे बाँडला नवनवीन यंत्रं बनवून देणाऱ्या खात्यासाठी, एक वस्तू माझ्या वडिलांकडनं. जकार्डचा पत्ता म्हणजे पुठ्ठ्याची लांब पट्टी, तिच्यात भोकं. भोक असेल तिथं ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो, त्यातनं चादरीवर मोर उमटतो. वडील आधी ग्राफच्या कागदावर डिझाइन काढायचे, पेन्सिलनं चौकोन मोजत, ओठ हलत असायचे, मग एकेक पत्ता पंच. एक भोक चुकलं की मोराची मान तुटायची आणि ते नुसता पत्ता उजेडासमोर धरून सांगायचे कुठलं चुकलं. भोक आहे किंवा नाही, हीच तर कॉम्प्युटरची भाषा. म्हणजे अख्खा गुप्त संदेश एका चादरीत विणता येतो, कस्टमवाल्यानं दहा वेळा झटकून बघितली तरी त्याला मोरच दिसणार. तो वाचायला मशीन नको, उजेड आणि असा एक कारागीर पाहिजे. चादर सोलापूरची दाखवा, एवढं तरी करा.

आता मागण्या, सरळ सांगतो.

पुढच्या पिक्चरच्या व्हिलनचा चेहरा भाजलेला, कापलेला, डोळा गेलेला नसावा, आणि त्याच्या हाताखालच्यांचाही. पुढचा म्हणजे कायमचंच म्हणतोय.

व्रण असलेलं माणूस पडद्यावर जरूर दाखवा, पण ऑफिसात, लॅबमध्ये, विमान चालवताना, ज्याच्या व्रणाबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. आणि ते काम खरा व्रण असलेल्या नटाला द्या.

व्हिलनला काय पाहिजे ते प्रेक्षकाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर कथा परत लिहा, आम्ही २०२१ पासून थांबलोय, अजून थांबू.

भारतात आलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला जाणारी माणसं पण दाखवा.

आणि बाँडच्या उजव्या गालावर फ्लेमिंगनं काढलेला तो बारीक उभा व्रण परत द्या. मेकअपमनचं दहा मिनिटांचं काम आहे. त्यावर संवाद नको, फ्लॅशबॅक नको, नुसता असू द्या.

हे पत्र पाठवायच्या आधी बहिणीला वाचून दाखवलं, तिच्याबद्दलचं आहे म्हणून परवानगी पाहिजे होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, लिही. मग म्हणाली की व्रण दिला तर मी पोरीला घेऊन पहिल्या दिवशी पहिल्या शोला येईन, नाही दिला तर तू एकटा जा.

आपला,
सोलापूरचा एक प्रेक्षक